उत्तरेचं ऊन

"तुम्ही इतकी वर्षं नेमकं काय करत होत्या हो?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "ऊन पाडत होते." माणूस आधी हसतो, मग जरा संशयानं पाहतो. पण मी काही खोटं सांगत नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं मी बुलढाण्यात बसून लोकांच्या घरांवर ऊन पाडलं. घरं अजून बांधलेलीही नसायची.

बसस्टँडच्या मागं एका पिठाच्या गिरणीवर माझी खोली होती. इंजिनिअरचा प्लॅन यायचा. प्लॅन म्हणजे नुसत्या रेघा, आणि रेघांमध्ये आपलं घर दिसेल असा माणूस मला तरी भेटला नाही. त्या रेघांवरून मी कॉम्प्युटरमध्ये भिंती उभ्या करायची, दारंखिडक्या बसवायची, रंग द्यायची, दारात तुळस ठेवायची आणि शेवटी त्यावर ऊन सोडायची. मग जे चित्र निघतं ते फोटोसारखं दिसतं. त्याला रेंडर म्हणतात. आमच्याकडे मात्र सगळे 'थ्रीडी'च म्हणत. "मॅडम, आमची थ्रीडी झाली का?" असं जिन्यातूनच ओरडत यायचे, जणू रक्ताचा रिपोर्ट न्यायला आलेत.

मी हे काम शिकले काळे सरांकडे. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. सर पोस्टर कलरनं बंगले रंगवत आणि मी ब्रश धुऊन देत देत शिकले. सरांचा नियम एकच. ऊन डावीकडून, वरून. सावली उजवीकडं, खाली. घर कोणत्या का तोंडाचं असेना! डोळ्याला तसंच बरं वाटतं, असं ते म्हणत आणि त्यात चूक काही नव्हतं. पुढं कॉम्प्युटर आला तरी माझा हात तसाच राहिला. प्लॅन आला की तो फिरवून घराचं तोंड स्क्रीनच्या खालच्या बाजूला घ्यायचं आणि सूर्य खाली डावीकडं, म्हणजे घरासमोर डाव्या अंगाला, टांगायचा. कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण असायचा, त्याकडं मी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता रेंडर कसं होतं ते सांगते, कारण माझ्या घरच्यांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. कॉम्प्युटर सूर्यातून एकेक किरण सोडतो असं समजा. किरण भिंतीवर आपटतो, भिंतीचा थोडा रंग घेऊन फरशीवर जातो, तिथून छताला लागतो. म्हणून लाल भिंतीजवळची पांढरी चादर किंचित लालसर दिसते. असे किरण कमी सोडले तर चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. भरपूर सोडले तर चित्र काचेसारखं स्वच्छ निघतं, पण मशीन सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत घरघरत बसतं. दही लावल्यासारखं असतं ते. लावलं की हात लावायचा नाही. खाली गिरणी सुरू झाली की माझं टेबल थरथरायचं, वर कूलरचा आवाज, आणि रेंडर ऐंशी टक्के झालं की लाईन जायचीच. कशी कोण जाणे, पन्नास टक्क्यांना कधी गेली नाही!

माझा खरा अभिमान कोपऱ्यांचा. भिंत आणि फरशी जिथं मिळतात, सोफ्याचा पाय जिथं टेकतो, तिथं एक मऊ अंधार असतो. तो नीट आला नाही तर वस्तू जमिनीवर टेकतच नाही. नवशिक्यांचे सोफे तरंगतात. माझा सोफा कधी तरंगला नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

आभाळाचीही एक गंमत आहे. नुसता सूर्य पुरत नाही, चारी बाजूंनी आभाळाचा उजेड लागतो. त्यासाठी सगळ्या आभाळाचा एक गोल फोटो मिळतो, तो घरावर छत्रीसारखा पांघरायचा. मला मिळालेले फोटो होते परदेशातल्या कुठल्यातरी थंड गावाचे. साखरखेर्ड्याच्या एका कापड दुकानदाराचं घर मी त्या आभाळाखाली काढलं. तो बराच वेळ चित्र पाहत बसला आणि म्हणाला, "मॅडम, घर झकास हाय. पण हे आजारी काऊन दिसून राह्यलं?" मला इतका राग आला! पण तो गेल्यावर मी पुन्हा पाहिलं, तर खरंच घर रक्त आटल्यासारखं पांढरंफटक दिसत होतं. दुसऱ्या दिवशी चैत्रातल्या उन्हात कॅमेरा घेऊन गिरणीच्या गच्चीवर चढले आणि गरगर फिरत आपल्याच आभाळाचे फोटो काढले. खालून गिरणीवाली काकू विचारत होती, "काय हरवलं वो बाई?" ते बुलढाण्याचं आभाळ मी पुढं शेकडो घरांवर घातलं.

माणसंही तशीच. सॉफ्टवेअरबरोबर कोट घातलेली गोरी जोडपी यायची, हातात कॉफीचे पेले घेऊन. मी ती फेकून दिली आणि आपल्या माणसांचे फोटो काढून घरांसमोर चिकटवायला लागले. माझी नणंद दळणाचा डबा घेऊन चाळीसेक बंगल्यांसमोरून गेलेली आहे.

आणि सोनाळ्याचे एक काका होते. त्यांच्या चित्रात दारावर कडुनिंबाची सावली पडली होती, मी मोठ्या हौसेनं पाडलेली. ते म्हणाले, "दारावर सावली चालत नाही आमच्यात." मी म्हटलं, "मग झाड काढू का?" "झाड राहू द्या न. सावली तेवढी काढा." काढली! कॉम्प्युटरमध्ये झाडाला सांगता येतं, बाबा, तू सावली पाडू नकोस. झाड ऐकतं. लग्नाकार्यात मी हा किस्सा रंगवून सांगायची आणि लोक खो खो हसायचे. सावलीशिवायचं झाड काढून देणाऱ्या बाईनं स्वतःही थोडं घाबरायला हवं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग धाड गावचे गुरुजी आले.

गुरुजी निवृत्त झाले होते. प्राथमिक शाळेत जन्म गेला, भूगोल हा आवडता विषय. सोबत त्यांची बायको होती. सगळे त्यांना आजी म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. काचबिंदूनं आजींची नजर पार गेली होती. एक हात भिंतीवर आणि एक गुरुजींच्या खांद्यावर ठेवून त्या माझा जिना चढून आल्या आणि खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "इथं गिरणी हाय न खाली? ज्वारी दळून राह्यले."

गुरुजींनी जुन्या घराशेजारीच एक प्लॉट घेतला होता. प्लॉटला रस्ता होता उत्तरेला. इंजिनिअरनं दोन प्लॅन दिले होते. एकात रस्त्याकडं छान ओसरी आणि मागं कोठीची खोली थेट हद्दीजवळपर्यंत. दुसऱ्यात पुढच्या खोल्या रस्त्याला लागून आणि मागं मोकळं अंगण. जागा तेवढीच, दोन्ही होणं शक्य नव्हतं. गुरुजी म्हणाले, "दोन्हीची थ्रीडी काढा मॅडम. पाहून ठरवतो."

मी आजींना विचारलं, "तुम्हाला कसं घर पाहिजे आजी?" खरं तर उगाच विचारलं, बोलायचं म्हणून.

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं आकडून मुठीत गेलेली होती. "माय, थंडीत माहे हात उघडत नाहीत. उन्हात घंटाभर बसलं का उघडतात. मंग मी वाती वळतो, शेंगा सोलतो, आपल्या हातानं जेवतो. नाही बसलं तर यायले मले भरवा लागते." गुरुजींच्या दिशेनं मान करून म्हणाल्या, "मले बसाले हिवाळ्याचं ऊन पाह्यजे. बाकी घर यायले आवडन तसं करा."

तुमच्या लक्षात आलं ना? त्या बाईनं अख्ख्या घरातून एवढंच मागितलं होतं.

मी हौसेनं कामाला लागले. चित्रात खुद्द आजींनाच ओसरीत बसवायचं ठरवलं. बाजाराच्या दिवशी एसटीनं धाडला गेले. जुन्या घराच्या दारात आजी सकाळच्या उन्हात बसल्या होत्या, मांडीवर कापूस, डाव्या नाकपुडीत चमकी लखलखत होती. फोटो फार सुंदर आला. पण ऑफिसात येऊन पाहिलं तर फोटोत ऊन उजवीकडून पडलेलं, आणि माझ्या चित्रात ते डावीकडून. माणसाच्या अंगावरचं ऊन एका बाजूचं आणि घराचं दुसऱ्या बाजूचं असलं की चित्र लगेच खोटं वाटतं. यावर आमच्या धंद्यात सोपा उपाय असतो. फोटो उलटा करायचा, आरशात दिसतो तसा. केला. आजी चित्रात चपखल बसल्या.

ओसरीचं ते चित्र माझ्या हातून निघालेलं सर्वात देखणं चित्र होतं. किरण भरपूर दिले, रव्याचा एक दाणा राहू दिला नाही. आजींच्या पुढ्यात चटईवर ऊन पसरलेलं, खांबाची सावली तिरपी, कोपऱ्यात मऊ अंधार. मागच्या अंगणाचं चित्र मात्र मी उरकलं. सूर्य मी माझ्या सवयीनं घराच्या पुढं टांगलेला, त्यामुळं मागं घराचीच सावली पडलेली. धुण्याचा दगड, टाकी, कुंपणाची भिंत. कोण पाहतं मागचं अंगण? किरणही कमी दिले आणि दाणे तसेच ठेवले.

दोघं चित्रं पाहायला आले. म्हणजे गुरुजी पाहायला आले आणि आजी ऐकायला. गुरुजींनी चष्मा पुसून दोन्ही कागद मांडीवर घेतले.

"ओसरीत ऊन हाय?" आजींनी विचारलं.

"हाव. चटईभर हाय. तू बसेल हायस तिथं."

"अन् मागं?"

"मागं अंधारच दिसते."

"मंग ओसरीच करा," आजी म्हणाल्या, आणि विषय संपला.

उठता उठता गुरुजी चित्राकडं पाहून हसले. "मॅडम, हिची चमकी उजवीकडं काऊन गेली?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरची गंमत आहे गुरुजी." आजींनी आकडलेल्या बोटानं आपली नाकपुडी चाचपून पाहिली आणि त्याही हसल्या.

घर झालं, जुनं विकलं. वैशाखात गृहप्रवेश होता, मला आग्रहाचं बोलावणं. सकाळी ओसरीच्या एका टोकाकडून तिरपं ऊन आत आलं होतं, आणि माझं चित्र फ्रेम करून बैठकीत लावलेलं. पाहुणे एकदा चित्राकडं पाहत आणि एकदा ओसरीकडं. "सेम टू सेम!" मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या आणि तरंगत परत आले.

मार्गशीर्षात गुरुजी पुन्हा आले, एकटेच. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. टॉवेल सोडला तर माझीच फ्रेम. ती टेबलावर ठेवून त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, हे ऊन किती वाजताचं हाय?"

मला प्रश्नच कळला नाही. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"अन् कोणत्या महिन्यातलं? तिथं ते येऊनच नाई राह्यलं."

मी आधी काय केलं असेल? भांडले! "गुरुजी, हे कल्पनाचित्र असतं, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं," वगैरे. ते वाकून ती बारीक अक्षरं वाचायला लागले. वाचता येईनात तेव्हा म्हणाले, "मले दिसत नाही एवढं बारीक. तिले तर काहीच दिसत नाही."

मी कॉम्प्युटरकडं वळले. जुनी फाइल उघडली. प्लॅनच्या कोपऱ्यातला तो बाण शोधला. बाण सरळ खाली दाखवत होता, म्हणजे घराच्या तोंडाकडं. म्हणजे मी सूर्य उत्तरेला टांगला होता. हिवाळ्यात आपल्याकडं सूर्य दक्षिणेकडून जातो, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. उत्तरेच्या ओसरीला ऊन मिळतं ते उन्हाळ्यात, नको असतं तेव्हा. गृहप्रवेशाला आम्ही जे पाहिलं ते तेच होतं.

कॉम्प्युटरला मी धाड सांगितलं, डिसेंबर सांगितला, खरी उत्तर सांगितली आणि बटण दाबलं. ओसरी विझली. सकाळी आठ पाहिले, दहा, बारा, तीन, पाच पाहिले. रव्याच्या दाण्याएवढं ऊन आलं नाही. आणि मागं, जिथं आता कोठीची भिंत उभी होती, तिच्या पाठीवर दिवसभर ऊन तापत होतं.

गुरुजी माझ्या खुर्चीमागं उभे राहून पाहत होते. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "दक्षिणायन मी फळ्यावर किती वेळा काढलं असन! पोरायले अंगणात काठी रोवून सावल्या मोजाले लावल्या. अन् फोटो इतका खरा दिसला का मले काहीच आठवलं नाही."

मी विचारलं, "आजी काय म्हणतात?"

"काही नाई म्हणत. रोज सकाळी ओसरीत चटई टाकून बसते. ऊन काऊन नाई आलं म्हणते. पंधरा रोज झाले, मी तिले सांगून राह्यलो, आज ढग हाय म्हणून." त्यांनी टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तिले समजत नसन का मॅडम? पण ती हाव म्हणते."

त्या दिवशी मी गुरुजींसमोरच रडले. मोठी माणसं रडतात तसं तोंड फिरवून वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन. खालून गिरणीवाली काकू वर येऊन पाहून गेली.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन धाडला गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी घर सोडून घराच्या आजूबाजूचं सगळं मोजलं. पाण्याची टाकी, शेजाऱ्याची गच्ची, आग्नेयेचा कडुनिंब. घरामागं तीन फुटांची बोळ आणि पलीकडं तुरीचं वावर, कडुनिंब सोडला तर आडवं येणारं काही नाही. ओसरीत आजी शाल पांघरून, हात काखेत दाबून बसल्या होत्या. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "आज ढग हायेत न माय?" मी गुरुजींकडं पाहिलं. "हो आजी," मी म्हटलं.

ऑफिसात येऊन सगळं जसंच्या तसं उभं केलं. मग कोठीची दक्षिणेची भिंत पडद्यावर फोडली आणि तिथं फरशीपासून वरपर्यंत एक मोठी खिडकी लावली. धान्याची पोती एका कडेला सरकवली. सूर्याला मी हात लावला नाही. तो तारीख-वेळेप्रमाणे जिथं असेल तिथं. सकाळी साडेनऊला कडुनिंब पार करून ऊन कोठीत उतरलं आणि चौथ्या फरशीच्या मध्यावर जाऊन थांबलं.

त्या चित्राला मी इतके किरण दिले की मशीन पूर्ण दिवस चाललं. लाईन दोनदा गेली, दोनदा पहिल्यापासून लावलं. पोत्याची शिवण दिसावी इतकं स्वच्छ चित्र निघालं. धान्याच्या कोठीचं एवढं चांगलं रेंडर जगात कुणी काढलं नसेल! उजेड वाढवला नाही, रंग खुलवले नाहीत. खालच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'डिसेंबर, सकाळी साडेनऊ'.

गुरुजींनी चित्र पाहिलं. "हे पक्कं न मॅडम?"

"पक्कं गुरुजी."

"मांगल्या बारीले बी पक्कंच दिसे," ते म्हणाले. पण गवंडी बोलावला.

भिंत फोडून खिडकी बसली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पहिल्या एसटीनं पोचले. रस्ताभर खिडकीतून आभाळ पाहत होते. आजींना कोठीत चटईवर आणून बसवलं होतं. पावणेनऊला ऊन नाही. नऊला नाही. कडुनिंबाची उंची मी टेपनं थोडीच मोजली होती, अंदाजानं धरली होती! साडेनऊला दोन मिनिटं उरली तरी कोठीत नुसता थंड, करडा उजेड. गुरुजी हातात चित्र धरून दारात उभे, आणि माझ्याकडं पाहायचं टाळत होते.

एकदम आजी म्हणाल्या, "थांबा."

मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी हनुवटी वर केली. कडुनिंबाच्या पानांतून पहिली कवडशाची चिळकांडी त्यांच्या गालावर आली होती आणि डाव्या नाकपुडीतली चमकी पेटली होती. "आलं," त्या म्हणाल्या.

मग ऊन सरळ आत आलं. आजींनी आकडलेला हात फरशीवर टेकवला आणि हळूहळू पुढं सरकवत नेला, ऊब संपेपर्यंत. एका जागी थांबल्या. "इथलोक हाय. बराबर?" हात चौथ्या फरशीच्या मध्यावर होता. गुरुजींनी चित्र पाहिलं, फरशी पाहिली, पुन्हा चित्र पाहिलं, आणि ते फरशीवर उलटं ठेवून बायकोशेजारी बसले.

"आता ढग नाईत?" आजींनी विचारलं.

"नाईत," गुरुजी म्हणाले.

तासाभरानं आजींची बोटं उघडली. त्यांनी कापूस मागितला, मांडीवर एक वात वळली आणि माझ्या दिशेनं धरली. "घे माय." त्यांच्याएवढी पारखी परीक्षक मला पुन्हा भेटली नाही. दाणे, रंग, कोपऱ्यातला अंधार, सगळी कारागिरी मी डोळ्यांसाठी करत होते. त्यांनी माझं काम कातडीनं तपासलं.

त्यानंतर मी प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात महिना आणि वेळ लिहायला लागले आणि सूर्य जिथला तिथं ठेवायला लागले. गिऱ्हाइकं तुटली. "शेजारच्याच्या थ्रीडीत लय ऊन हाय, आमच्याच घरावर काऊन कमी?" असं म्हणून उठून जायची. मी ताडकन उत्तरं द्यायची, तेही नडलं असेल. काळे सरांना एकदा हे सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, आपण चित्र काढतो, पंचांग नाही." मी त्यांना उलट बोलले नाही, पण नियम बदलला तो बदललाच.

आता तर सगळंच गेलं. परवा एका इंजिनिअरनं फोनवर दोन ओळी लिहिल्या आणि चुटकीसरशी बंगला उभा करून दाखवला. दाणा नाही, डाग नाही, सोफा तरंगत नाही. ऊन असं काही पसरलं होतं की पाहत राहावं! मी विचारलं, "किती वाजताचं आहे हे?" तो हसला. "ते कोणी विचारत नाही ताई."

गेल्या मार्गशीर्षात मी गिरणीवरची खोली रिकामी केली. मॉनिटर भंगारवाला घेऊन गेला होता. वायरी गुंडाळत फरशीवर बसले होते. ड्रॉवरमध्ये ती वात सापडली, कागदाच्या पुडीत, पिवळी पडलेली. ती हातात घेऊन बसले असतानाच फोन वाजला.

दरवर्षी डिसेंबरात गुरुजींचा एक फोन येतो. फार बोलत नाहीत. "चौथ्या फरशीवर आलं मॅडम," एवढंच. आजी जाऊन आता दोन वर्षं होतील. त्या गेल्या त्या हिवाळ्यात मला वाटलं होतं की फोन येणार नाही. आला होता. आणि या वेळीही आला.

"चौथ्या फरशीवर आलं मॅडम."

"हो गुरुजी." मी वात पुन्हा पुडीत गुंडाळली. "चटई टाकता का अजून?"

"टाकतो न. रोज टाकतो."

"मग तुम्ही बसत जा ना तिथं जरा. थंडी फार आहे."

खाली गिरणी सुरू झाली आणि माझ्या रिकाम्या खोलीची फरशी थरथरायला लागली.

"बसलोच आहो माय," गुरुजी म्हणाले. "आज ढग नाई."